रेफर्डच्या घराखाली

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी जोत्यातले सगळे झरोके उघडायचे आणि थंडी पडू लागली की बंद करायचे, हा हॉयलच्या घरचा नेम. वडिलांनी घालून दिलेला, आणि सत्तरी आली तरी हॉयलने तो एकदाही मोडला नव्हता. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या त्या भागात घरं जमिनीपासून हात-दीड हात उचललेली असतात. खालच्या पोकळीत वारा खेळला की तुळया सुक्या राहतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तरी यंदा जुलैत हॉयलच्या घरात ओल्या पोत्यासारखा वास सुटला होता आणि त्याची बायको नेल्डा खोकून खोकून बेजार झाली होती. मे महिन्यात हॉयलने तुळयांवरची बुरशी पत्र्याने खरवडून काढली होती, पण ते त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं.

शेजारच्या रेफर्डने मात्र मागच्याच वर्षी आपले झरोके कायमचे बुजवले. खाली जाड पांढरं प्लॅस्टिक अंथरलं, हवेतली ओल ओढून घेणारं मशीन बसवलं. हॉयल तेव्हा गावभर हसत फिरला होता. ‘गड्याने जमिनीला लंगोट बांधलाय,’ असं तो न्हाव्याच्या दुकानात चारचौघांत सांगायचा.

आता त्याला हसू येत नव्हतं, कारण नेल्डा रोज दुपारी रेफर्डकडे जाऊ लागली होती. रेफर्डची बायको वारली तेव्हा तिची गोधडी चौकटीवर अर्धीच राहिली होती, ती नेल्डा पुरी करत होती. कारण चांगलं होतं. पण लग्नाआधी नेल्डाला जत्रेतल्या पाळण्यात बसवणारा हाच रेफर्ड, हे हॉयल विसरला नव्हता. विसरायला तो काही संत नव्हता.

“गोधडी शिवतेस की धरण बांधतेस?” गुरुवारी तो म्हणाला. “संपायचं नावच नाही.”

“तुला कसली घाई? तुझ्या अंगावर घालायचीय का ती?” नेल्डा खोकत म्हणाली.

“त्याच्याकडे असं काय आहे, जे इथे नाही?”

“सांगितलं तर तोंड फुगवून बसशील. मागे घराला वास येतो म्हटलं, तर चार दिवस बोलला नाहीस. जसं काही मी तुझ्या बापालाच नावं ठेवली.” आणि ती गेली.

हॉयलचा नुसता जळफळाट झाला. आपल्या झरोक्यात त्याने आठवडाभर पंखा लावून बाहेरची हवा आत ढकलली होती, तर वास दुप्पट झाला होता. रेफर्डच्या घराखाली बुरशीचा एक ठिपका, एकच, सापडू दे. तो नेल्डाला ओढून आणून दाखवायचा, असं त्याने ठरवलं. रेफर्डची गाडी दारात नव्हती, घरात नेल्डा एकटीच होती. हॉयल मागच्या बाजूच्या बुटक्या दारातून आत शिरला.

आत दवाखान्यासारखं पांढरंशुभ्र होतं. त्याने बॅटरी मारून एकेक तुळई पाहिली, चाकूचं टोक खुपसून पाहिलं. लाकूड टणक. साधं कोळ्याचं जाळंही नाही. एवढ्यात गाडी आली, डोक्यावर पावलं वाजली, आणि हॉयल होता तिथेच पालथा पडून राहिला.

“हे काय, गोधडी तर सोमवारीच झाली,” वरून रेफर्डचा आवाज आला. “आज काय घेऊन बसलीस?”

“काही नाही रे. तासभर बसू दे. इथे श्वास पुरतो.”

“हॉयलला झरोके बंद करायला सांग एकदा. बर्फ घातलेल्या चहाच्या ग्लासला बाहेरून घाम सुटतो ना, तसं झालंय तुमच्या घराचं. आत एसी, खाली ही दमट हवा.”

“त्याचे वडील उघडायचे.”

“वडिलांकडे एसी नव्हता.”

“ते तू सांग त्याला. माझी नाही हिंमत.”

रेफर्ड भेंडी तोडायला बाहेर गेला. वर खुर्ची करकरली, मग थांबली. हॉयल कान देऊन खोकल्याची वाट बघत होता. खोकला आला नाही. थोड्या वेळाने नेल्डा घोरू लागली, हलकं, पूर्वीसारखं. रेफर्डने तिच्याजवळ बसून गप्पा मारल्या असत्या, तर हॉयलने वर जाऊन त्याची कॉलर धरली असती. कोरड्या हवेची कॉलर कुठे धरायची? त्याला रेफर्डच्या फळ्यांचा, त्या खुर्चीचा, त्या मशीनचा भयंकर हेवा वाटला.

तो बाहेर आला तेव्हा रेफर्ड भेंडीची टोपली घेऊन दारापाशीच उभा होता. त्याने हॉयलकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सापडलं काही?”

“नाही.” हॉयलने गुडघे झटकले. झटकण्यासारखं काही लागलंच नव्हतं. “ते प्लॅस्टिक कुठून आणलंस?”

“नेऊन दाखवतो. अंथरायलाही येतो. एकट्याचं काम नाही ते.”

“तू नको येऊस.” मग तो म्हणाला, “बरं, ये. झरोके मात्र माझे मी बुजवीन.”

“नेल्डाला उठवू?”

“नको,” हॉयल म्हणाला. “आजच्यापुरती झोपू दे तुझ्याकडे.”