ओल्या वाळूचं माप

फेबीकडे मी एका खुर्चीसाठी गेलो होतो. वाचताना पाठ दुखते, एवढंच कारण होतं. निदान घरातून निघताना मी तसं समजत होतो.

फेबी म्हणजे आमच्या तोंडवलीच्या सांतान फर्नांडिसची मुलगी. अहमदाबादला फर्निचर डिझाइन शिकली, मग बंगळुरात एका कंपनीसाठी ऑफिसच्या खुर्च्यांची डिझाइनं करत होती. ती नोकरी सोडून परत आली आणि बापाच्या होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये तिनं आपलं काम थाटलं. तिथे एक मोडकी होडी अजून उलटी पडलेली असते. तिच्या फासळ्यांवर हात फिरवत फेबी मला म्हणाली होती, "काकानू, हिका सरळ रेघ खंय आसा? तरी इतकी वर्सां दर्यात टिकली." तिच्या खुर्च्यांच्या पाठी तशाच वाकलेल्या असतात. लाकूड फणसाचं, बैठक सुंभाची.

खुर्ची हवी म्हटल्यावर ती पेन्सिल काढेल, माझी उंची विचारेल, असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "समोर कोण बसतला?"

"कोणी नाही. वाचायला हवी आहे."

"मगे खाटीर पडान वाचा. खुर्ची कित्याक होयी?"

सांतान रंधा मारता मारता हसला. "चेडू माझा गिऱ्हायकांका असाच पळवता. तारकर्लीचो एक रिसॉर्टवालो इलो, सगळ्यो खुर्च्यो एकसारख्यो होयो म्हणालो. हिणा तेका इचारल्यान, बसतले ते सगळे एकसारखे आसत काय?"

"बंगळुरात ताच करी होतंय, पप्पा." फेबी माझ्याकडे वळली. "थंय कंप्युटरात एक माणूस होतो. सरासरी माणूस. तेका पाठदुखी नाय, कोणाची वाट बघणा नाय. तेच्यासाठी खुर्च्यो करून करून मी कंटाळलंय. आता ज्येका मी बघूक नाय, तेची खुर्ची मी करणंय नाय."

मी घरी परतलो. समोर कोण बसणार, हा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

कोन्सेसांव बाई या फेबीच्या आते. त्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि मी तालुक्याच्या ग्रंथालयात होतो, तेव्हापासूनची आमची ओळख. मी निवृत्त झाल्यावर त्या पुस्तक बदलायला माझ्या घरी येऊ लागल्या. शनिवारी येतात, पायरीपाशी उभ्या राहतात, उन्हाची छत्री मिटत नाहीत. वाचलेल्या पुस्तकाबद्दल दोन-चार वाक्यं बोलतात, ती बहुतेक तक्रारीची. "ही बाई इतकी रडते कशाला हो, परुळेकर?" आणि जातात. बसा म्हटलं तर म्हणतात, "कुठे बसू? खुर्ची तुमची आहे." पडवीत खुर्ची एकच आहे, हे खरं. दुसरी आणावी हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, की सुचूनही धीर झाला नव्हता, ते आता सांगता येत नाही. घरात मी एकटा, त्याही एकट्या. गावाला डोळे असतात.

आणि आता त्यांचा मुलगा सनी त्यांना कायमचं वसईला न्यायचं म्हणत होता.

मी पुन्हा शेडवर गेलो. "दोन कर," म्हटलं. दुसरी कोणाची, हे फेबीनं विचारलं तेव्हा नाव सांगितलं. सांतानचा रंधा थांबला. त्याची सख्खी मोठी बहीण, तो तिला 'बाय' म्हणतो. मला वाटलं, हा आता मला हाकलणार. तो म्हणाला, "आमच्या बायक बसवतलास? मगे घट कर गो खुर्ची. ती वर्गातसुद्धा कधी बसाक नाय."

माप घ्यायची फेबीची रीत वेगळी आहे. ओहोटी सरताना किनाऱ्यावरची वाळू ओली आणि घट्ट असते. तिथे ती माणसाला बसवते आणि बोलतं ठेवते, माप चाललंय हे तो विसरेपर्यंत. मग काखेत धरून त्याला मागून सरळ वर उचलायचं, म्हणजे वाळूतला खळगा मोडत नाही. खळग्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा. कागदावरचं चित्र त्यानंतर. खुर्च्या दोन असल्या तर पहिल्याला ती जागा दाखवते, दुसऱ्याला दाखवत नाही. "माणूस आपणहून कितीसो लांब बसता, ता बघूचा," ती म्हणाली. "माझा अर्धा डिझाइन थंयच होता."

ठरल्या दिवशी सकाळी बाई किनाऱ्यावर आल्या. "ह्या वयात माका रेवेत खेळाक लावतंस गो," असं फेबीला म्हणताना मी ऐकलं. मी आधीच बसलो होतो आणि समुद्राकडे बघत होतो. मागे त्यांच्या चपलांचा आवाज थांबला. त्या बराच वेळ उभ्या होत्या असं मला वाटलं, नसतीलही. मग छत्री मिटल्याचा आवाज आला आणि त्या बसल्या. अगदी समोर नाहीत, शेजारीही नाहीत. थोड्या तिरक्या, म्हणजे दोघांना समुद्रही दिसेल आणि बोलताना चेहराही. हात लांब केला तर पुस्तक देता येईल, इतक्या अंतरावर.

फेबीनं पाहिलं, "मी इल्याशिवाय उठा नकात" म्हणाली आणि प्लास्टर आणायला गेली.

बाई वसईच्या फ्लॅटबद्दल सांगू लागल्या. खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी दिसते, म्हणाल्या.

"तिथे पुस्तकं चांगली मिळतील," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं ते हे नव्हतं.

"मिळतील की. तक्रार कोणाकडे करायची?"

पाणी वळलं होतं. एक लाट आमच्या टाचांपर्यंत आली आणि बाई उठू लागल्या, तर त्यांना उठता येईना. त्यांना हात द्यायला मी उठू गेलो, तर मलाही येईना. फेबीचा पत्ता नव्हता. शेवटी मी गुडघ्यांवर सरकत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि एकमेकांना ओढत, एकदा पुन्हा खाली आपटत, हसत, आम्ही उभे राहिलो. त्यांचे हात कोरडे आणि माझ्यापेक्षा बळकट होते. उभं राहिल्यावरही ते लगेच सुटले नाहीत. कोणी सोडले नाहीत, मला माहीत नाही.

फेबी बादली घेऊन आली. खळग्यांच्या जागी वाळू नांगरल्यासारखी झाली होती. "ह्या काय केलास? मी इल्याशिवाय उठा नकात म्हणान सांगलंय ना?"

"तुझी आते बुडली असती, तर?" मी म्हणालो.

"आता परत बसूक होया."

पण भरती आली होती, आणि दुसऱ्याच दिवशी सनी गाडी घेऊन यायचा होता. अंदाजानं कर, मी फेबीला म्हटलं. "अंदाजान करूक मी बंगळुरात होतंय," ती म्हणाली. "लाकूड कापून ठेवतंय. ता सुकतला तवसर तुमी आतेक हाडा." लाकूड वाळेपर्यंत बाईंना परत आणायचं, हे माझ्यावर आलं.

बाई गेल्या. शनिवारी मी पायरीकडे बघायचं टाळतो. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आल्यावर त्यांचा फोन येतो. पुस्तकाचं बोलून झालं की विचारतात, "लाकूड वाळलं का?" मी शेडवर जाऊन फळ्या पाहून येत असे. पिवळ्याधमक फळ्या हळूहळू गडद होत होत्या. "अजून ओलं आहे," मी सांगायचो. ते खरं होतं. खरं होतं तोवर सोपं होतं.

या आठवड्यात फेबीनं फळी बोटांनी वाजवून दाखवली. "आयकलास? सुकला. आतेक तुमी सांगतलास की मी सांगू?"

"मी सांगतो," म्हणालो.

आज बाईंचा फोन आला. वाक्य मी तयार ठेवलं होतं. त्यात प्रवास होता, त्यांचे गुडघे होते, सनीची सोय होती, राहणं सांतानकडे होतं. त्यांनी लाकडाचं विचारलं आणि मी ते सगळं विसरलो.

"वाळलं," मी म्हणालो. "तुम्ही या. आणि आल्यावर परत जाऊ नका."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. फोन कट झाला असावा असं वाटून मी तो कानापासून काढून पाहिला, पुन्हा लावला. माझ्याशी त्या नेहमी शाळेतलं मराठी बोलतात.

"सनीक सांगूक होया मगे," त्या म्हणाल्या.