काचेतले जावयबापू

दिवाळे गावच्या वामन कोळ्यानं जन्मभर मासे मारले होते, पाळला एकही नव्हता. पण अब्दुर्रहमान बायकोला घेऊन हजला निघाला आणि खाऱ्या पाण्याची काचेची पेटी टेम्पोत घालून वामनकडे ठेवून गेला. पेटीत मासा एकच: बोटाएवढा, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. अब्दुर्रहमानची खांदेश्वरला लाकडाची वखार होती, आणि वामन बिल्डरांना रेती पुरवायला लागला तेव्हापासून दोघांची दोस्ती.

"दिवसाला एक चिमूट खाणं," अब्दुर्रहमाननं बजावलं. "संध्याकाळ झाली की दिवा बंद. बस."

"मला शिकवतो? जन्म गेला दर्यात माजा. आलास की असाच्या असा परत घे. नायतर वामन नाव सांगनार नाय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

घोळ केला त्या चिमटीनं. वामनची बायको गोजरा. तिच्या दारातून कधी कुत्रंही उपाशी गेलं नव्हतं. ती चिमूट बघून तिला पाहुण्याची दयाच आली. तिनं सुक्या जवळ्याची मूठ सोडली. सकाळी मूठ, दुपारी मूठ, रात्री पुन्हा मूठ. माशाचं नाव तिनं जावयबापू ठेवलं. परक्या घरात अंधाराला भ्यायचे म्हणून रात्रभर पेटीवरची ट्यूबही चालू ठेवली.

जावयबापू खाऊन खाऊन टम्म झाले, उरलेला जवळा तळाशी कुजला आणि काचेवर शेवाळ धरलं. आधी नुसतं हिरवट, मग केसांसारखे झुपके. वामननं काथ्यानं काच घासली. दोन दिवसांत पुन्हा तेच. मग धक्क्यावरून खाडीचं पाणी आणून ओतलं. खाडीत तर निम्म्या शहराचं सांडपाणी, शेवाळाची दिवाळीच झाली. शेजारचा हौसेराव रोज येऊन वाकून बघायचा आणि विचारायचा, "वामनशेठ, मासा पाळलाय का मेथी लावलीय?"

वामनला हसू कुठलं येतंय. अब्दुर्रहमान परत यायला आठवडा उरला होता आणि आतला मासा आता दिसतही नव्हता. हाजी होऊन आलेल्या दोस्ताला दाखवायचं काय, डबकं? दर्याच्या एवढ्या गप्पा मारल्या, आता तोंड कुठं लपवायचं, या विचारानं त्याची झोप उडाली.

शेवटी लाज झाकायची म्हणून त्यानं पेटीवर जाड गोधडी टाकली. ट्यूब बंद केली, बुडबुड्यांचा पंप तेवढा चालू ठेवला आणि जवळ्याचा डबा माळ्यावर फेकला. "आता कोनी हात लावायचा नाय," तो गुरकावला.

"आनि जावयबापू?"

"मरू दे तुजा जावय."

गोजरानं वाद घातला नाही, पण रात्री ताटावर बसली नाही. दुसऱ्या दिवशीही चहावरच. पाहुणा उपाशी असताना घशाखाली उतरत नाही, एवढंच म्हणाली. वामन मात्र जेवत होता, चोरासारखा, गोधडीकडे पाठ करून.

तीन-चार दिवसांनी त्यालाच राहवेना. मेला असेल तर गुपचूप खाडीत सोडून येऊ, म्हणून त्यानं गोधडी उचलली. शेवाळ फिकट पडून काचेवरून सुटलं होतं. काथ्याचा एक हात फिरवला तर काच लख्ख. आणि आत जावयबापू, पोट पार उतरलेलं, पण ऐटीत फिरत होते. "गोजरे, जिता हाय," ओरडत वामन माळ्यावरचा डबा काढायला धावला. एक मासा जगला म्हणून कोळी आनंदला, सांगायचं कुणाला? गोजरानं आधी जावयबापूंना वाढलं, मग स्वतःचं ताट घेतलं.

अब्दुर्रहमान खजूर घेऊन आला आणि पेटीपाशीच थबकला. "वामन, माझ्याकडे पण एवढी साफ नसायची रे. केलंस काय?"

जेवायला बसता बसता वामननं छाती फुगवली. "दर्याचं पोर हाय मी. आमच्याकडं त्याची एक रीत असते..."

"अंधारात उपाशी ठेवला," गोजरा म्हणाली.

वामनची छाती जागच्या जागी बसली.

अब्दुर्रहमान नको नको म्हणत होता आणि गोजरा त्याच्या ताटात तिसऱ्यांदा कालवण ओतत होती. "भावजी, जेवून झालं का घेऊन जा त्याला. उपाशी ठेवल्याबिगर ज्याला बरं वाटत नाय, असा पावना मला झेपनार नाय."