मूठभर जंगल

काल ज्ञानगंगेच्या जंगलात मातीचे नमुने काढताना मी पाला बाजूला सारला आणि खालचा वास नाकात शिरला. दमट, गोडसर. बाबांच्या शर्टाला यायचा तोच. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

माझे बाबा, इंद्रभान, अमडापूरजवळच्या एका नर्सरीत कामाला होते. उन्हाळ्यात मला सायकलवर पुढे बसवून ते डोंगराकडच्या जंगलात न्यायचे, जुन्या सागाखालची माती पोत्यात भरायचे आणि रोपांच्या प्रत्येक पिशवीत तिची एकेक मूठ टाकायचे. मी विचारायची, काऊन? तर म्हणायचे, "दुधाले विरजण लागते ना, तसं रोपाले हे लागते." पिशव्या भरताना दुपार कधी सरायची कळायचं नाही. तसं सुख मला पुढे कुठल्याच प्रयोगशाळेत मिळालं नाही.

मग मी कृषी महाविद्यालयात गेले. पहिलंच वर्ष, म्हणजे सर्वज्ञच! सुट्टीत आले तर पोत्यातल्या मातीत पांढरे धागे. बुरशी म्हणजे रोग, एवढंच तोवर शिकलेली. बाबा जेवायला गेल्यावर मी पोत्यांत आणि पिशव्यांत बुरशीनाशक ओतलं. वर स्वतःवर खूशही झाले.

त्या वर्षी रोपं बोटभर वाढून थांबली, पिवळी पडली. खत दिलं तरी हलली नाहीत. बाबांनी नर्सरी सोडली. "माया हाताचा गुण गेला," एवढंच म्हणाले. त्यानंतर अंगणात मिरचीचं रोपसुद्धा त्यांनी लावलं नाही.

खरं कारण मला फार उशिरा कळलं. ते पांढरे धागे पाला कुजवून त्यातलं सत्त्व मातीला परत देतात. त्याच मातीत दुसरी बुरशी असते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ती मुळांत शिरते, झाडाकडून साखर घेते आणि मुळं पोचत नाहीत तिथून त्याला स्फुरद आणून देते. झाडानं हवेतून ओढलेल्या कार्बनचा काही वाटा तिच्याच वाटेनं मातीत मुरतो. यावर मी शोधनिबंध लिहिले, भाषणं ठोकली. बाबांना मात्र सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही.

आज सांगितलं, मी ओतलेल्या बुरशीनाशकासकट. पंचाहत्तरी ओलांडलेले बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत राहिले.

"बावीस वर्सं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "बावीस वर्सं मी झाडाले हात नाही लावला, समता. तुले हे कधीपासून मालूम हाये?"

"बारा वर्सं झाले, बाबा."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो ओढून घेतला. त्यांच्यापुढचा चहा तसाच गार झाला.

ऊन कलल्यावर ते दारात येऊन उभे राहिले.

"उद्या जंगलात चालली काय?"

"हाव."

"मले बी ने." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुयासंग बोलणार नाही मी. पण ने."