पंच्याऐंशीव्या प्रश्नावर

डिचोलीतल्या एका खाजगी इस्पितळात कमलाक्षीची नर्स म्हणून एकोणीस वर्षं गेली होती. रोज आमोण्याहून बसने यायचं, वॉर्ड सांभाळायचा, नव्या पोरींना शिकवायचं. तुये गावची सेजल आली तेव्हा तिला सलाईनसाठी शीर धड सापडत नव्हती. कमलाक्षीने हाताला धरून तिला तयार केलं. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायच्या लायसनची परीक्षा देऊया, हेही कमलाक्षीनेच सुचवलं. दोघींनी मुंबईच्या केंद्रावर एकाच दिवसाची तारीख घेतली.

परीक्षा विचित्र. मार्क नाहीत. उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न कठीण देतो, चुकलं की सोपा. पास की नापास याची त्याला खात्री पटली की परीक्षा थांबते. लवकर थांबली तर पंच्याऐंशी प्रश्नांवर, नाहीतर अगदी दीडशेपर्यंत ताणते.

कमलाक्षीची पंच्याऐंशीवर थांबली. इतक्या लवकर खात्री पटली म्हणजे चांगलंच असणार, असं तिने धरलं. सेजल दीडशे प्रश्न सोडवून रडवेली बाहेर आली. परतीच्या रेल्वेत थिवी स्टेशन येईपर्यंत कमलाक्षी तिची समजूत घालत होती. पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा बसता येतं, मी तयारी करून घेते, म्हणाली.

निकाल आला. सेजल पास. संगणकाची कमलाक्षीबद्दलही खात्री पटली होती, पण ती नापासाची. सोबतच्या कागदावर पेशंट अचानक बिघडला तर काय करावं, या भागापुढे 'पातळीपेक्षा खूप खाली' असा शेरा होता.

दम लागलेल्या पेशंटवर प्रश्न आला असेल, त्याला काय उत्तर दिलंस, असं सेजलने विचारलं. डॉक्टरांना फोन, कमलाक्षी म्हणाली.

"ताई, आधी पेशंटला उठवून बसवायचं, ऑक्सिजन लावायचा. फोन मग."

"मला ठाऊक नाही असं वाटतं तुला?"

बारा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला तिने असंच केलं होतं. म्हातारा वाचला. पण डॉक्टरांना न विचारता ऑक्सिजन लावला म्हणून संध्याकाळी तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला. तेव्हापासून तिचा हात आधी फोनकडे जायचा.

"मला पण तू तेच शिकवलंस," सेजल हळूच म्हणाली. "परीक्षेत मी ते सोडून दिलं."

कमलाक्षीने शेऱ्याचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तिने पुन्हा अर्ज केला, परीक्षेला बसायचं नवं परवानगीपत्र मिळवलं, तारीख घेतली. तेवढ्यात सेजलने अमेरिकेला जायचं म्हणून राजीनामा दिला. वॉर्डात एक माणूस कमी, रजा जमणार नाही, असं मेट्रन सुलोचनाबाईंनी सांगितलं; हवी तर तूही राजीनामा दे. नवरा कामाला होता ती खाण बंद पडलेली, तिच्याच पगारावर घर चाललं होतं. तिने तारीख पुढे ढकलली. मग आणखी एकदा. परवानगीपत्राची मुदत संपली.

त्याच आठवड्यात सेजलच्या अनुभवाच्या दाखल्यासाठी वॉर्डातल्या ज्येष्ठ नर्सचा अभिप्राय मागवला गेला. कमलाक्षीने सुवाच्य अक्षरात लिहिलं : अडचणीच्या वेळी स्वतः निर्णय घेते. खाली सही केली. मग ड्युटीच्या तक्त्यात अजून तसंच राहिलेलं सेजलचं नाव खोडून त्या सगळ्या चौकटींत आपलं लिहीत बसली.