पाचच्या आत

शुक्रवारी दुपारी चार वाजून अडतीस मिनिटांनी सम्राटचं कोटेशन सुप्याच्या कारखान्याकडे गेलं. छगनभाऊंचा कागद यशोधराच्या कीबोर्डजवळ तसाच होता.

कारखान्याला माल भरायला लाकडी खोकी हवी होती. १९९९ उजाडलं तसं त्यांनी टपालाने आणि हातोहात कोटेशन घेणं बंद केलं. आता ई-मेल, तोही पाचच्या आत. नगरच्या एमआयडीसीतल्या त्या गल्लीत कॉम्प्युटर एकच, यशोधराच्या एसटीडी बूथमध्ये. फोनची लाईनही एकच. इंटरनेट लावलं की फोन बंद, फोन लावला की इंटरनेट बंद.

खोकी करणारे छगनभाऊ सकाळी सगळ्यांत आधी कागद देऊन गेले होते.

"हे काम मिळालं तर करवत चालू ऱ्हाईल, ताई. न्हाईतर चारी सुतारांना घरी बसवायचं."

सम्राट दुपारी आला. तो यशोधराचा धाकटा भाऊ, खोकी तोही करायचा. त्याचा कागद तिने आधी लावला.

छगनभाऊंचा मजकूर टाइप होईपर्यंत लाईन तुटली. ती पुन्हा जोडणार तोच शेजारच्या खानावळीत भाकरी करणाऱ्या कडूबाई दारात उभ्या.

"कर्जतला लेकीला फोन करायचाय. पन तुजं काम चाललंय जनू. हू दे, बसते मी. मला काय घाई न्हाई."

यशोधराने घड्याळ पाहिलं. पावणेपाच. तिने मॉडेमची वायर काढून फोनला लावली.

"बोला मावशी. निवांत बोला."

कडूबाई निवांत बोलल्या. शेळीला झालेली दोन करडं, विहीणबाईंचा गुडघा, जावयाचा नवा रेडिओ. यशोधरा पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. रिसीव्हर खाली आला तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

साडेपाचला छगनभाऊ आले.

"गेलं का, ताई?"

"लाईन गेली होती."

"आन् सम्राटचं?"

"त्याचं आधी गेलं होतं."

छगनभाऊ हसले.

"बरं झालं. काम आपल्याच गल्लीत ऱ्हाईल. लाईनीला तुमी काय करनार? लुनावर जायचो तवा टायर बसायचा, आता लाईन बसती."

ते पायरी उतरले आणि परत वळले.

"सम्राटला सांगा, माजे दोन सुतार लई हुशार हायेत. त्याला मानसं लागतीलच."

"सांगते."

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. यशोधराने कागदावरचा तळवा उचलला नाही.

"राहू द्या इथंच."

ते गेल्यावर तिने लाईन जोडली. छगनभाऊंच्या कोटेशनखाली तिने चार वाक्यं लिहिली : लाईन मिळत होती. मी मुद्दाम थांबले. यात छगनभाऊंची चूक नाही. पहिलं कोटेशन माझ्या भावाचं आहे. सहा वाजून दहा मिनिटांनी ते गेलं.

सुतारांचा निरोप तिने सम्राटला त्याच संध्याकाळी दिला. ई-मेलचं सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी बारापर्यंत सुप्याहून उत्तर आलं नव्हतं. काम आपलंच धरून सम्राटने टेम्पो लाकूड आणायला पाठवला होता. त्यात छगनभाऊंचे दोन सुतार बसून गेले होते.