अंदाजे बी

जेवणाच्या सुट्टीत हॉलीने फोनवर निकाल पाहिला आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. निकाल कसला, अंदाजच. अर्थशास्त्रापुढे बी लिहिलं होतं. परीक्षा उन्हाळ्यात, पण विद्यापीठं जागा देऊ करतात त्या आत्ताच, शिक्षकांनी वर्तवलेल्या ग्रेडवर. आणि लंडनच्या ज्या विद्यापीठासाठी तिने वर्षभर रक्त आटवलं, तिथे ए नसेल तर अर्जाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सराव परीक्षेत तिला ए होता. वर्गात शेजारी बसणाऱ्या टोबीला बी. आता टोबीचा अंदाज ए! ती तरातरा वर गेली.

अर्थशास्त्र शिकवणारा ग्रॅहम वर्गात एकटाच सँडविच खात बसला होता. या कॉलेजात शिक्षकांना नावानेच हाक मारायची, जणू सगळे एकाच पंगतीचे.

“बस ना, हॉली.”

“बसायला नाही आले. मला बी कसा काय?”

“अगं, ते कॉम्प्युटर ठरवतो. सोळाव्या वर्षी दिलेल्या शालान्त परीक्षेचे मार्क घातले की अंदाज येतो. तेवढे मार्क असणाऱ्यांना बहुधा बीच मिळतो.”

“आणि टोबी? त्याचे तर माझ्याहून कमी होते!”

ग्रॅहमने ओठ पुसले. “त्याचे वडील येऊन भेटले. दोनदा. त्यांनी बाजू मांडली.”

हॉलीची आई त्या वेळी वृद्धाश्रमात कुणाला तरी आंघोळ घालत होती. ड्यूटी सोडून ती कुठून येणार बाजू मांडायला? हॉलीला रडू फुटत होतं, पण या माणसापुढे रडायचं नाही, असं तिने ठरवलं.

“म्हणजे ज्याचा बाप भांडेल त्याला ए. छान! आणि तुम्हीच शिकवलंत ना, जुन्या गाड्यांचा बाजार? घेणाऱ्याला चांगली गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांना सरासरी भाव देतो, मग चांगल्या गाडीवाले बाजारातून उठून जातात. पण तुम्ही बॉनेट उघडून बघितलंय, ग्रॅहम! वर्षभर माझे निबंध तपासलेत. ओळखता आलं नाही ही सबब तुम्हाला नाही.”

ग्रॅहमने सँडविच खाली ठेवलं. मग त्याचे डोळे चमकले.

“वा! हे पेपरात लिहिलंस तर पैकीच्या पैकी.”

“मग ए द्या.”

“अंदाज सोमवारीच गोठवले गं. आता माझ्या हातात काही नाही.” तो जरा घुटमळला. “पण उदाहरण झकास आहे. दुपारच्या वर्गात सांगू का?”

“सांगा की,” हॉली म्हणाली. “फळ्यावर माझं नावही लिहा. आणि पुढे लिहा, बी.”