डेकच्या पोटातला आवाज

माणसांचे खरे पंथ दोनच. एकांच्या गाडीचा अॅम्प्लिफायर डेकच्या पोटातच असतो, दुसऱ्यांचा वेगळा, डिकीत बसवलेला. धर्म, पक्ष, बेसबॉलचा संघ हे भेद सगळे मागाहूनचे. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण माझ्याकडे गाडी नाही.

गाडी होती राधामेसची. जुनी कोरोला, जन्मभर आमच्या सांतियागो शहराच्या रस्त्यांवर शेअर टॅक्सी म्हणून झिजलेली. मागे चौघं, पुढे ड्रायव्हरला खेटून दोघं. त्या दोघांत, गियरला गुडघा टेकवून, ओसेमा बसायची. मागची सीट मोकळी असली तरी. डेकमध्ये कायम एकच बचाताची, म्हणजे आमच्याकडच्या विरहाच्या गाण्यांची, कॅसेट आणि आवाज इतका बेताचा, की पुढच्या सीटपलीकडे जायचाच नाही. मागचे उतारू इंजिन ऐकत घरी जायचे.

मग ओसेमा न्यूयॉर्कला गेली. तिथे लग्न केलं, मुलं वाढवली, नवऱ्याला पोचवलं. राधामेसने लग्न केलं नाही. वेळ मिळाला नाही म्हणतो. आता ती परत आली होती, बिएन्वेच्या दुकानासमोरच्या आपल्या जुन्या घरात. पण झडपांच्या खिडक्या बंद, व्हरांड्यातली झुलती खुर्ची रिकामी.

"त्या कॅसेटमधलं गाणं लावतो," राधामेस म्हणाला. "ओळखलं तर बाहेर येईल. नाही आली तर समजेन, विसरली."

"या डेकवर?" काउंटरमागून बिएन्वे हसला. "अरे, खोक्यावर पन्नास वॉट लिहिलेत म्हणून काय झालं? निम्मेसुद्धा स्पीकरपर्यंत पोचत नाहीत. आवाज चढवलास की गाणं टरटरा फाटतं. अॅम्प्लिफायर वेगळाच हवा. माझा पडून आहे, घेऊन जा."

"डेकमधला काय वाईट आहे?" मी म्हणालो. "ना जाडी वायर, ना बॅटरीवर ताण. घरच्या जेवणासारखा. अंगाला लागतो."

"तुम्ही गप्प बसा हो," बिएन्वे म्हणाला. "घरचं जेवण रस्त्यापलीकडे ऐकू जातं का?"

डोमिनोचा डाव तसाच टाकून दोघे कामाला लागले.

डिकीत फ्रीजएवढी पेटी आली, तिच्यावर अॅम्प्लिफायर चढला. दारांतले दोन म्हातारे स्पीकर डेकवरच राहू दिले, काढायचा कंटाळा केला म्हणून. पण गाडीची बॅटरी या अॅम्प्लिफायरला एका घासालाही पुरेना. तेव्हा राधामेसने आमच्या गल्लीत कोणीही केलं असतं तेच केलं: बहिणीच्या घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून डिकीत जोडली. बहिणीला विचारलं नाही. रविवारी लाइट जाणार नाही, असा त्याला विश्वास होता. हा विश्वास त्याला कुठून आला, देव जाणे.

रविवारी दुपारी त्याने कोरोला ओसेमाच्या घरासमोर लावली, डिकी उघडली आणि गाणं सोडलं.

दुकानाचे पत्रे थरथरले. काउंटरवरच्या बाटल्या चालू लागल्या. उभ्या मोटारींचे भोंगे एकेक करून रडायला लागले. गाणारा माणूस प्रेमात पडलाय की विहिरीत, ते कळेना. ओसेमाच्या खिडकीची एक झडप किलकिली होती, तीही आतून कोणीतरी लावून घेतली.

राधामेसचा चेहरा उतरला. "विसरली."

"बहिरी झाली असेल," बिएन्वे ओरडला. "नाहीतर आत्ता होईल!"

तेवढ्यात लाइट गेली. घराघरातले पंखे थांबले, उकाडा दाटला. आणि गल्लीच्या टोकाकडून मिर्ता, राधामेसची थोरली बहीण, डोकंभर रोलर लावून, ओल्या केसांनी चालत आली.

"माझा इन्व्हर्टर का चालत नाही, राधामेस?"

"ताई, आज जरा—"

"केस काय तुझ्या गाण्याच्या वाऱ्यावर वाळवू? आणि कोणासाठी एवढं? ती तर दार लावून बसलीय!" तिने डिकीत वाकून वायरी ओढल्या, बॅटरी बिएन्वेच्या हातात दिली. "तू उचल. तूच शिकवलंस ना त्याला?" बॅटरी पुढे आणि रोलर मागे, अशी वरात निघून गेली.

डिकी मुकी झाली. भोंगेही दमले. लाइट नसल्याने गल्लीत कुठे रेडिओ नाही, टीव्ही नाही. आणि मग लक्षात आलं, गाणं चालूच आहे. दारांतले ते म्हातारे स्पीकर, डेकच्या पोटातल्या त्या एवढ्याशा जोरावर, खरखरत, पुढच्या सीटपुरतं गात होते.

राधामेस बंद करायला आत वाकला.

"असू द्या," मी म्हणालो.

झडप उघडली. मग दार. ओसेमा व्हरांड्यात आली, खुर्चीपाशी जराही थांबली नाही, पायऱ्या उतरून सरळ फाटकाबाहेर. केस पांढरे, चाल तीच. दुसऱ्या बाजूचं दार उघडून ती आत बसली आणि सरकत सरकत मधे आली. गुडघा गियरला टेकला.

राधामेस स्टिअरिंगमागे बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. गाण्याचं एक कडवं संपलं. मी दुकानाच्या पायरीवर उभा.

ओसेमा त्याच्याकडे वळली. हळूच म्हणाली, "राधामेस, एसी लाव ना रे जरा."